लाल डोळा, पांढरा डोळा



गेल्या दोन अंकांत या सदरातून आपली भेट झाली नाही. कारण मी परगावी नव्हे, तर परखंडात होतो. आमची कन्या व जावई नैरोबीला असतात. जावयांचा तेथे लोखंडी सामानाचा व्यापार आहे. पूर्व आफ्रिकेतील आपल्या व्यापारी बांधवांविषयी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग 1899 साली नैरोबीस पोहोचला आणि त्याच्या मागोमाग गुजरातेतील हालार प्रांतातले ओसवाल तेथे दुकाने थाटू लागले. आजही स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ असेच म्हणतात. त्या व्यापाराविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहावयाचे आहे ते दोन पक्ष्यांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने स्वतःच्या एका जुन्या चुकीविषयी.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर वसले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे आपल्याकडील पौष महिन्यासारखी थंडी असते. सकाळी मी शाल पांघरून ओसरीवर बसे आणि अंगणातील हिरवळीवर पाच-सहा पक्षी ऐटीत चालत येत. आकाराने ते आपल्या साळुंकीहून लहान, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 18 ते 19 सेंटिमीटर. पण चाल तीच, धिटाई तीच आणि आपापसातील कलकलाटही तोच. रंग मात्र असा, की पहिल्या दिवशी माझा चहा गार झाला. डोके काळे, पाठ व पंख चकचकीत निळे-हिरवे, पोट विटकरी, आणि गळ्याखालची निळाई व पोटाची विटकरी छटा यांच्या मधोमध पांढरी शुभ्र पट्टी, जणू कोणी आखणी करून ओढलेली. डोळा पांढुरका. आमची अकरा वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, हा सुपर्ब स्टारलिंग. इथे सगळीकडे असतो.”

या पक्ष्याला मराठीत रूढ असे नाव माझ्या वाचनात नाही, म्हणून ‘सुपर्ब’ हेच नाव येथे योजतो. साळुंकी, भांगपाडी मैना आणि हिवाळ्यात थव्यांनी येणाऱ्या भोरड्या ज्या कुळातील, त्याच कुळातील हा आफ्रिकी आप्त. ज्या गणात त्याची गणना होते त्याचे शास्त्रीय नाव ‘लॅम्प्रोटॉर्निस’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘चकाकणारा पक्षी’. जातीचे नाव ‘सुपर्बस’, हा लॅटिन शब्द दिमाखदार वा गर्विष्ठ या अर्थाचा. हे नाव 1845 साली फ्रँकफुर्टच्या एडुआर्ड रुपेल यांनी दिले. हे गृहस्थ एका सधन बँकमालकाचे पुत्र. घरच्यांच्या मनात त्यांनी व्यापारात पडावे असे होते. परंतु 1817 साली सिनाईचा प्रवास घडला आणि त्यांचे चित्त निसर्गविद्येकडे वळले ते कायमचे. बँकेत पस्तीस वर्षे काढून साठीनंतर पक्ष्यांकडे वळलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचून थोडा हेवा वाटला, हे कबूल करतो.

ऑगस्टमध्ये आम्ही सर्व नाकुरू सरोवराच्या अभयारण्यात गेलो. दुपारी एका झाडाखाली डबे उघडले आणि नेहमीप्रमाणे हे पक्षी जवळ आले. मी सराईतपणे म्हणालो, “आले आपले सुपर्ब.” नात दुर्बिणीतून पाहत होती. ती म्हणाली, “सगळे नाहीत, आजोबा. त्यातले दोन हिल्डेब्रांट आहेत.”

मला तर एकही वेगळा दिसला नव्हता. तिने एकेक खूण सांगितली तेव्हा दिसू लागले. ती तुलना वाचकांसमोर जमाखर्चाप्रमाणे मांडतो.

प्रथम साम्ये. दोन्ही पक्षी एकाच गणातील आणि आकाराने जवळपास सारखे. दोघांची पाठ निळी, चकचकीत. दोघांच्या पंखांवर मखमली काळे ठिपके. दोघांची पोटे विटकरी. दोन्ही जातींत नर व मादी दिसावयास सारखेच. दोघेही जमिनीवर चालत किडे वेचतात, आणि पुष्कळदा एकाच थव्यात मिसळून चरतात. त्यामुळे घाईत पाहणाऱ्याची फसगत ठरलेली.

आता भेद. सुपर्बचा डोळा पांढुरका, हिल्डेब्रांटचा तांबडालाल. सुपर्बच्या छातीवर पांढरी पट्टी. हिल्डेब्रांटला ती नाही. त्याच्या गळ्याची निळाई संपली की फिकट नारिंगी रंग सुरू होतो आणि खाली पोटाकडे तो गडद होत जातो. सुपर्बचे डोके काळे, हिल्डेब्रांटच्या डोक्यावर जांभळट निळी झाक. आणि शेवटचा भेद म्हणजे शेपटीच्या मुळाखालची पिसे: सुपर्बची पांढरी शुभ्र, हिल्डेब्रांटची पोटासारखीच विटकरी.

वस्तीतही अंतर आहे. सुपर्ब हा इथिओपिया व सोमालियापासून युगांडा, केनिया आणि टांझानियापर्यंत पसरलेला आहे. हिल्डेब्रांट मात्र केनिया आणि टांझानिया या दोनच देशांत आढळतो. सुपर्ब काटेरी बाभळीवर गवताचे घुमटाकार घरटे स्वतः बांधतो, क्वचित दुसऱ्याचे जुने घरटे वा ढोलीही वापरतो. हिल्डेब्रांट झाडाच्या आयत्या ढोलीत संसार मांडतो. ज्यांच्या नावाने हा पक्षी ओळखला जातो ते योहान मारिया हिल्डेब्रांट हे वनस्पतींचे जर्मन संग्राहक. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व अंतर्भागात त्यांनी प्रवास केले आणि 1881 साली, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, मादागास्करमध्ये देह ठेवला. त्यांच्या नावाने या पक्ष्याची नोंद 1878 साली झाली होती.

आता त्या चकाकीविषयी. आपल्या वाचकांत कापडाचे व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांना धूपछाव पोत ठाऊक असतो. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा; वस्त्र हलले की रंग बदलतो. या पक्ष्यांचा निळा रंगही कोन बदलला की हिरवा वा जांभळा भासतो. परंतु त्यात निळे द्रव्य मुळी नसतेच. पिसांत असते ते मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्य. त्याचे अतिसूक्ष्म कण थरांनी रचलेले असतात, आणि त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून ठरावीक रंग तेवढा उजळतात. बहुतेक पक्ष्यांत हे कण भरीव कांडीसारखे असतात. आफ्रिकेतील या कुळात मात्र ते पोकळ, चपटे, किंवा पोकळ व चपटेही आढळतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की हे नवे घाट ज्या शाखांत आले त्यांत रंगांची विविधता अधिक वेगाने वाढली व नव्या जातीही अधिक वेगाने निर्माण झाल्या. पीस काळ्या द्रव्याचे आणि झळाळी रत्नाची, अशी ही किमया आहे.

एवढे ज्ञान झाल्यावर मला आत्मविश्वास आला. बँकेत अर्धे आयुष्य नमुना स्वाक्षरीशी चेकवरील स्वाक्षरी ताडून पाहण्यात गेलेले. दोन समान वस्तूंतील भेद शोधणे हा तर माझा व्यवसायच. सायंकाळी परतण्यापूर्वी एक पक्षी गाडीजवळ येऊन बसला. मी दुर्बीण घेतली. छातीवर पट्टी नाही. डोळा पांढरा नाही. मी निकाल दिला, “हिल्डेब्रांट!”

नात हसली नाही. तिने एवढेच विचारले, “आजोबा, डोळा लाल आहे का?”

मी पुन्हा पाहिले. डोळा लाल नव्हता. काळपट तपकिरी होता. “मग शेपटीखाली बघा,” ती म्हणाली. पक्षी वळला. शेपटीखाली पांढरे होते.

तो सुपर्बच होता, त्याच पावसाळ्यातील पिल्लू. सुपर्बच्या पिल्लाचा डोळा गडद असतो, रंग मंद असतात, आणि छातीवरील पट्टी अंधुक असते वा नसतेच. ज्या दोन ठळक खुणांवर मी भिस्त ठेवली होती त्या वयाबरोबर येणाऱ्या होत्या. जी खूण बालपणापासून असते ती शेपटीखाली होती, आणि तिकडे मी पाहिलेच नव्हते. शिवाय ‘पांढरा नाही’ म्हणजे ‘लाल आहे’ असे मी मनानेच ठरवून टाकले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत सर्वजण झोपले. मला मात्र झोप आली नाही. मला 1988 सालातील एक शनिवार आठवत होता.

त्या काळी मी एका बाजारपेठेच्या गावी शाखेत चेक पास करणारा अधिकारी होतो. शाखेसमोरच गुळाच्या अडत्यांच्या पेढ्या होत्या. त्यांपैकी एका वयोवृद्ध अडत्यांचा एका शेतकऱ्यास दिलेला अकरा हजार चारशे रुपयांचा चेक वटण्यासाठी आला. खात्यात शिल्लक भरपूर होती. स्वाक्षरी मात्र जुळेना. त्यांच्या नावाचे पहिले अक्षर मोठे, मोडी वळणाचे, वेलांटीचा डौलदार फराटा असलेले असे. शाखेत तो फराटा प्रसिद्ध होता. चेकवर तो नव्हता. अक्षर मोडके, कापरे होते. शनिवारची अर्ध्या दिवसाची वेळ संपत आली होती. मी ‘स्वाक्षरी जुळत नाही’ अशी चिठ्ठी जोडून चेक परत पाठविला.

अडत्याचा चेक परत जाणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. चेकसोबतची कारणाची चिठ्ठी कोणी वाचत नाही. ‘चेक परत आला’ एवढेच शब्द बाजारात फिरतात. सोमवारी सकाळपर्यंत ते शब्द साऱ्या यार्डात पोहोचले होते, आणि दोन शेतकऱ्यांनी आपला गूळ त्या पेढीवरून उचलून दुसरीकडे नेला होता.

सोमवारी दहा वाजता ते स्वतः आले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, उजवा पाय किंचित ओढत. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. ते माझ्यासमोर बसले आणि कोऱ्या कागदावर त्यांनी तीनदा स्वाक्षरी केली. तिन्ही एकमेकींहून वेगळ्या. पण शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबे देण्याची त्यांची जुनी सवय होती. ती दोन टिंबे तिन्ही स्वाक्षऱ्यांखाली जागच्या जागी होती. नमुना कार्डावर होती. आणि मी मनात उजळणी केली तेव्हा स्पष्ट आठवले, की परत गेलेल्या चेकवरही होती.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “साहेब, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही नियमाप्रमाणे केलंत. फक्त एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पेढी समोरच तर होती.”

मी नवे कार्ड भरून घेतले, चहा मागविला, नियम समजावून सांगितला. चूक झाली, असे मात्र म्हणालो नाही. नियमाने मी निर्दोष होतो आणि त्या वयात तेवढे पुरेसे वाटत असे. पुढील वर्षी माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या गावी जाणे झाले तेव्हा पेढीवर मुलगा बसत होता, वडील निवर्तले होते. मी पायरीपर्यंत गेलो आणि तशीच पाठ फिरविली. ही गोष्ट मी आजवर घरातही कोणास सांगितली नव्हती. आता सांगावयास हरकत नाही, कारण ज्यांची क्षमा मागावयाची ते आता नाहीत, आणि ज्यांना उपयोग होईल असे तरुण वाचक आहेत.

नैरोबीस परतल्यावर नातीने मला सुपर्बविषयीचे आणखी एक संशोधन दाखविले, ते व्यापारी माणसाने अवश्य जाणून घ्यावे असे आहे. केनियातील लायकिपिया पठारावर म्पाला नावाचे संशोधन केंद्र आहे. तेथे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे डस्टिन रुबेनस्टाइन व त्यांचे सहकारी कित्येक वर्षे या पक्ष्यांची नोंद ठेवीत आहेत. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्यांचा वेगळा जोड असतो. आपल्या भाषेत, प्रत्येकाला खातेक्रमांक दिलेला असतो. तेथे वर्षात दोनदा पाऊस पडतो आणि हे पक्षी दोनदा वीण घेतात. असे 2002 ते 2021 पर्यंतचे 40 हंगाम, नऊ समूह आणि हजाराहून अधिक पक्षी यांची खातेवही त्यांनी तपासली, आणि 2025 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सुपर्ब समूहाने राहतात. काही जोड्या वीण घेतात आणि बाकीचे त्यांच्या पिल्लांना चारा भरवितात, घरट्याची राखण करतात. हे साह्य बहुतांशी रक्ताच्या नात्यासाठी असते, असे पूर्वीपासून मानले जाई, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु या वहीतून दिसले ते असे, की जवळचे आप्त समूहात असतानाही हे पक्षी परक्यांना नियमितपणे साह्य करतात. आज जो साह्यक, तो पुढे कधी स्वतः वीण घेतो, आणि ज्याला त्याने साह्य केले होते तो त्याच्या घरट्यावर येतो. ही फेड त्याच हंगामात होते असे नाही. कधी त्यास वर्षे लागतात. म्हणूनच चार-दोन वर्षांच्या निरीक्षणात ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबतात, त्यास सावड म्हणतात. सुपर्बची ही सावडच होय. एका वर्षाचा ताळेबंद पाहून ज्यास आपण एकतर्फी खर्च म्हटले असते, ती वीस वर्षांच्या वहीत देवघेव निघाली.

या साह्याचा लाभ कधी परजातीलाही होतो. केनियातीलच अंबोसेली येथे डोरोथी चेनी व रॉबर्ट सेफार्थ या अभ्यासकांनी दाखवून दिले, की सुपर्ब पक्षी आकाशातून येणाऱ्या शिकाऱ्यासाठी एक आणि जमिनीवरील शिकाऱ्यासाठी दुसरी अशी वेगवेगळी इशारत देतात, आणि तेथील व्हर्वेट जातीची माकडे त्या दोहोंतील फरक ओळखतात.

मी कोल्हापुरास परतलो त्यास आता महिना झाला. गेल्या रविवारी पन्हाळ्यास जाणे झाले. तटबंदीवर साळुंक्या बसल्या होत्या. जन्मभर पाहिलेला पक्षी, म्हणून पुढे निघालो, आणि थबकलो. त्यांतील दोघींच्या डोळ्यांभोवतीची पिवळी कातडी दिसेना. चोचीच्या मुळाशी कपाळावर पिसांचा लहानसा तुरा होता, आणि डोळा फिकट निळसर होता. ती जंगली मैना होती. आपल्या सह्याद्रीकडील तिच्या उपजातीस साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1832 साली नाव दिले तेच मुळी ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातील. तिच्या नावात माझा मुलूख आहे, आणि अडुसष्ट वर्षे मी तिला साळुंकीच म्हणत आलो.

रात्री नातीस दूरध्वनीवर हे सांगितले. तिने लगेच विचारले, “शेपटीखाली पाहिलंत का, आजोबा?”

पाहिले होते. दोघींचेही पांढरेच होते. तेव्हा तिकडची खूण इकडे चालत नाही. येथे डोळाच पाहावा लागतो. ती म्हणाली, “मग प्रत्येक वेळी सगळंच बघायचं.” मी होय म्हणालो.

वाचकहो, आपल्या दुकानाच्या पत्र्यावर, गोदामाच्या आवारात रोज साळुंक्या येत असतील. एखाद्या सकाळी वही उघडण्यापूर्वी पाच मिनिटे त्यांच्याकडे पाहावे. आणि आपल्या पेढीवर एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची वा पुरवठादाराची चिठ्ठी अनोळखी अक्षरात आली, तर ती परत करण्यापूर्वी एकदा त्यांच्या दारी माणूस पाठवावा. पेढी बहुधा समोरच असते.

पुढील अंकी भेटूच.